बाई, अण्णा आणि बारा मिनिटं

माझं नाव चार अक्षरी आहे आणि उच्चारायला सोपं आहे. तरी अण्णांनी पाच वर्षांत मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी सत्तेचाळीस होते. प्राचार्य तीन होते, लायब्ररीतल्या मॅडम एकोणीस, आणि ऑफिसातले हेडक्लार्क अकरा. "सत्तेचाळीस, जरा तिनाकडं जाऊन ये, अकरा तिथंच बसल्यात," असं ते म्हणाले की नवख्या माणसाला वाटायचं, हा माणूस आकडा लावतो की काय.

कागल रोडवरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात अण्णा कॉम्प्युटर सेंटरचे इनचार्ज होते. त्याआधी त्यांची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेली. तिथून स्वेच्छानिवृत्ती घेतली, वर्षभर गगनबावड्याच्या घरी बसून पाऊस बघितला, पावसाचा कंटाळा आला तसे आमच्याकडे आले. कॉम्प्युटर ते पन्नाशीनंतर शिकले, तेही जाडजूड इंग्रजी पुस्तकातली ओळन् ओळ शाळकरी पोरासारखी बोट ठेवून वाचत. पण जे शिकले ते पक्कं शिकले. माझ्या पदवीचा मला जो काही थोडा गर्व होता, तो त्यांनी पहिल्या आठवड्यातच उतरवला.

मुलाखतीला प्राचार्यांनी मला तांत्रिक प्रश्न विचारले. अण्णांनी एकच विचारला. "गाव कुठलं?"

मी सीमेजवळच्या आमच्या गावाचं नाव सांगितलं.

"घरात कन्नड बोलता व्हय?"

"होय."

"मग घ्या हिला," ते प्राचार्यांना म्हणाले. "बेळगावच्या लायनीवर मी आठ वर्षं काडल्यात. ही माणसं आधी पुरतं ऐकून घेत्यात, मग बोलत्यात. हितं तसंच माणूस पायजे."

हे माझ्याबद्दल मुळीच खरं नव्हतं, पण मी गप्प बसले, आणि त्यामुळे ते खरं वाटलं असावं. तेव्हापासून इंटरकॉम उचलला की ते मला "हेळ्रीऽ", म्हणजे 'बोला', असं म्हणायचे. त्यांचं कन्नड तेवढंच होतं.

इंटरकॉमवर ते ओरडून बोलत. पलीकडचा माणूस शेजारच्या खोलीत असला तरी "हॅलोऽ, हॅलोऽ, ऐकू येतंय काय?" असा ट्रंककॉलचा सूर. ऐकू तर भिंतीतूनच यायचं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर. सर्व्हरच्या काचेच्या खोलीत एसी असायचा, म्हणून मे महिन्यातसुद्धा दाराबाहेर चप्पल काढून, स्वेटर चढवून, मफलर गुंडाळून आत जायचे. बाहेर आले की स्वेटर काढून घाम पुसायचे. दुपारी डबा उघडला की माझ्या पोळीकडे बघून तोंड वाकडं करायचे आणि न विचारता अर्धी भाकरी आणि खर्डा माझ्या डब्याच्या झाकणात टाकायचे. तो खर्डा खाऊन माझ्या डोळ्यांत पाणी आलं की त्यांना फार बरं वाटायचं.

आता बाईंबद्दल सांगायला हवं.

सेंटरमधल्या सगळ्या मशीनच्या वर एक सर्व्हर असतो. कोण कोण आहे, कुणाचा पासवर्ड काय, कुणाला कुठल्या खोलीत शिरायची परवानगी आहे, ही सगळी यादी त्याच्याकडे. विद्यार्थी कुठल्याही मशीनवर बसला आणि नाव टाकलं, की ते मशीन आधी या सर्व्हरला विचारतं. तो हो म्हणाला तरच पुढचं दार उघडतं. पुस्तकात त्याला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात. अण्णा त्याला बाई म्हणत.

"पूर्वी एक्स्चेंजात बोर्डावर बाई बसायच्या," त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. "तुला डॉक्टरला फोन लावायचाय. तुला नंबर म्हाईत न्हाई. तू बाईला सांगतीस. बाईला गाव सगळं पाठ. ती जोडून देती. हे तसंच हाय. बाई उठली न्हाई तर गावात माणूस हाय, डॉक्टर हाय, वायर हाय, आणि कोण कुणाचं न्हाई."

मला हे चार महिने पुस्तकातून समजलं नव्हतं, ते त्या दिवशी समजलं. लाईट जाऊन आली की ते लांबूनच ओरडायचे, "बाई उठल्या काय?" आणि आम्ही काचेतून हिरवा दिवा बघून ओरडायचो, "उठल्या!"

बाईंच्या यादीत पहिलं नाव अण्णांचं. सर्व्हर बसवला तेव्हा पहिलं खातं त्यांनी स्वतःचं उघडलं, म्हणून ते क्रमांक एक. त्यापुढे ज्या क्रमानं स्टाफची नावं पडली, तेच आमचे नंबर. "नावं धा जणांची एक असत्यात," ते म्हणायचे. "नंबर एकाचाच."

बाईंवर त्यांचा विश्वास होता, पण लेखी पुरावा वेगळा. लाल कापडी पुठ्ठ्याचं एक लांबलचक रजिस्टर होतं. त्यात चार रकाने, पट्टीनं आखलेले: काय झालं, केव्हा झालं, कोणामुळे, उपाय. बिघाड कितीही छोटा असो, रजिस्टरात चढायचाच. आणि तिसरा रकाना रिकामा सोडायचा नाही, हा नियम. 'कीबोर्ड बंद. कोणामुळे: तीन (चहा). उपाय: नवीन कीबोर्ड, चहा बाहेर.' 'प्रिंटर अडकला. कोणामुळे: एकोणीस (दोन कागद चिकटलेले घातले).' 'वायर कुरतडली. कोणामुळे: उंदीर.' खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही. दर शनिवारी रजिस्टर प्राचार्यांच्या सहीला जायचं आणि प्राचार्य स्वतःच्या चहाखालीसुद्धा मुकाट्यानं सही करायचे. त्या तिसऱ्या रकान्याला सगळं कॉलेज टरकून असे.

आणि घड्याळ. एक्स्चेंजातून निघताना मित्रांनी दिलेलं मोठं गोल घड्याळ त्यांनी सेंटरच्या भिंतीवर लावलं होतं आणि ते बारा मिनिटं पुढं ठेवलेलं होतं. घराघरांत घड्याळ पुढं असतं, आमच्या गावातही माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, दुकानातलं पाच मिनिटं पुढं. पण बारा का? याची अण्णांनी मला तीन वेगवेगळ्या वेळी तीन वेगवेगळी कारणं सांगितली. एकदा, ड्युटीला बारा मिनिटं उशिरा पोचल्यामुळे कुणाचा तरी महत्त्वाचा कॉल लागायचा राहिला. एकदा, कॉलेजच्या फाटकापासून एसटीच्या थांब्यापर्यंत चालत बारा मिनिटं लागतात. एकदा, साफ चिडून, "बाराच हाय. तुझं काय दुखतंय?" सगळ्यांना ते माहीत होतं. आम्ही घड्याळाकडे बघायचो आणि मनातल्या मनात बारा वजा करायचो. इतकी सवय झाली होती की वजा करतोय हे कळायचंही नाही.

माझी नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर होती. अप्पांनी मोठ्या मुश्किलीनं एक वर्ष दिलं होतं. नोकरी पक्की झाली तर कोल्हापुरात राहायचं, नाहीतर गावी परत यायचं, आणि मग ते दाखवतील त्या स्थळासमोर पोह्यांची बशी घेऊन उभं राहायचं. ज्या महिन्याची ही गोष्ट, त्याच महिन्यात माझा करार संपत होता. कायम करायचं की नाही हे प्राचार्य ठरवणार होते. मला कोल्हापूर सोडायचं नव्हतं. स्वतःच्या खोलीची किल्ली, संध्याकाळी रंकाळ्यावर एकटीनं मारलेली चक्कर, महिनाअखेरीला अप्पांना पाठवलेलं पाकीट, या सगळ्याची मला चटक लागली होती. हे सांगायला मला तेव्हा लाज वाटायची, आता वाटत नाही.

तर त्या महिन्यात विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा आली. अकरा वाजता सुरू. चाळीस मुलं, चाळीस मशीन, बाहेरगावचे परीक्षक. आणि आदल्या संध्याकाळी जी लाईट गेली ती सकाळी आठला आली. यूपीएस केव्हाच मान टाकून बसला होता. त्यात त्या दिवशी पौर्णिमा. पौर्णिमेला अण्णा पहाटे नरसोबाच्या वाडीला जात आणि दर्शन करून साडेदहापर्यंत परस्पर कॉलेजात येत. हे त्यांनी एक्स्चेंजात असतानाही कधी चुकवलं नव्हतं.

म्हणजे बाईंना उठवायला मी एकटी.

सर्व्हर चालू केला. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना आली: तारीख आणि वेळ हरवली आहे, भरा. आतल्या नाण्याएवढ्या सेलनं दम तोडला होता. तो सेल लाईट नसतानाही वेळ धरून ठेवतो. माझ्या मनगटावर घड्याळ नव्हतं, पट्टा तुटला म्हणून महाद्वार रोडला दुरुस्तीला टाकलेलं. मी मान वर केली, भिंतीकडे पाहिलं आणि वेळ भरली. हिरवा दिवा लागला. मी रिकाम्या खोलीत स्वतःशीच म्हणाले, "उठल्या!"

नऊला पहिल्या मशीनवर बसून नाव टाकलं. 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.' पुन्हा टाकलं. तेच. दुसरं मशीन, तिसरं मशीन. चाळीसच्या चाळीस मशीन मला ओळखायला तयार नव्हती.

मला वाटलं, लाईट गेल्यामुळे बाईंची यादीच पुसली गेली असणार. सर्व्हरवर जाऊन पाहिलं, यादी होती. सगळी नावं जागच्या जागी. एका मुलाचा पासवर्ड नव्यानं घातला, तरी मशीन नाहीच म्हणालं. केबल काढून लावल्या. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पावणेदहाला प्राचार्य आले, चाळीस पडद्यांवरची तीच एक ओळ पाहिली आणि म्हणाले, "सकाळी कुणी चालू केला हा?"

"मी, सर."

"अण्णा नसताना तुम्हाला एवढंही जमत नसेल, तर मग विचार करायला लागेल." ते शांतपणे म्हणाले, ओरडले असते तर बरं झालं असतं. "पुण्याच्या कंपनीला फोन लावतो मी." कंपनीचा माणूस म्हणाला, संध्याकाळपर्यंत पोचतो.

अण्णा आले तेव्हा त्यांच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. कपाळावर गंध, हातात कवठाच्या बर्फीचा पुडा. मुलं व्हरांड्यात उभी, मी रडकुंडीला. त्यांनी आधी स्वेटर चढवला, मग मफलर, आणि मग मला म्हणाले, "बर्फी खा."

"अण्णा, परीक्षा..."

"आधी खा. रिकाम्या पोटी माणूस वायर उलटी लावतंय."

मी बर्फी गिळली. त्यांनी आपल्या क्रमानं सुरुवात केली: आधी वायर, मग बाई, मग माणूस. वायरी ठीक होत्या. बाईंचा दिवा हिरवा होता. मग ते माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

"बाई उठल्यावर पैलं काय बोलल्या?"

"वेळ विचारली. सेल गेलाय आतला."

"तू काय सांगितलीस?"

"होती ती सांगितली."

"बरोबर," ते म्हणाले, आणि पुढच्या गोष्टीकडे वळले. आजही मला याचं हसू येतं. स्वतःच्या घड्याळावर त्यांचा इतका विश्वास होता की 'होती ती' म्हणजे कुठली, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

तेवढ्यात परीक्षक आत आले. सफारी घातलेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. त्यांनी भिंतीवर पाहिलं, मग मनगटावर, आणि त्यांचा चेहरा उतरला. "अकरा वाजले इथं? माझ्या घड्याळात तर अकराला बारा कमी आहेत. मी आयुष्यात कधी परीक्षेला उशीर केलेला नाही हो."

"तुमास्नी उशीर झाला न्हाई, पावणं," अण्णा बाईंच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "त्ये घड्याळ पुढं हाय."

बोलले, आणि थांबले. मीही थांबले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघांनी भिंतीकडे पाहिलं.

बाईंचा एक नियम असतो. दारात आलेल्या मशीनच्या घड्याळात आणि त्यांच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक असला, की त्या दार उघडत नाहीत. कुणी जुनी परवानगी पुन्हा दाखवून आत शिरू नये म्हणून. हा नियम मला पाठ होता. अण्णांनी तर त्या पानावर पुस्तकात लाल रेघ ओढली होती. सकाळच्या घाईत मी काटे दिसले तशी वेळ उतरवली होती, बारा वजा करायचे राहिले होते. चाळीस मशीन खऱ्या वेळेवर चालली होती, आणि बाई एकट्याच बारा मिनिटं पुढं जाऊन बसल्या होत्या.

"पावणं, तुमचं मनगाट हिकडं आणा," अण्णा म्हणाले. परीक्षकांनी गोंधळून हात पुढे केला. मी त्यांच्या घड्याळात बघून वेळ भरली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. ती चार मिनिटं मी काचेला नाक लावून उभी होते. दिवा हिरवा झाला. पहिल्या मशीनवर नाव टाकलं, पासवर्ड टाकला, डोळे मिटले.

दार उघडलं.

"बाई उठल्या!" व्हरांड्यातली मुलंच ओरडली. प्रश्नपत्रिका हातात पडल्या तेव्हा परीक्षकांच्या घड्याळात बरोबर अकरा वाजले होते. अण्णांनी मफलर सोडला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बगितलंस? घड्याळ पुढं होतं म्हणून बारा मिंटं हाताशी सापडली." त्या घड्याळामुळेच सगळं झालं होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं, असं मला वाटलं.

परीक्षा पार पडली, पण प्राचार्य विसरले नव्हते. शनिवार नसतानाही त्यांनी संध्याकाळी रजिस्टर मागवलं. मला माहीत होतं त्यांना काय बघायचंय. आणि तिसऱ्या रकान्यात काय असणार हेही मला माहीत होतं. ज्या माणसानं प्राचार्यांचा चहा सोडला नाही, तो मला कशाला सोडेल? रजिस्टर मी वाटेत उघडलं नाही, अण्णा सोबत होते. जिन्यात मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही लिहिलंय ते बरोबरच असेल. माझी तक्रार नाही."

"माज्या रजिस्टरात खोटं कदी लिवलंय व्हय?" ते म्हणाले आणि पुढे चढू लागले.

प्राचार्यांनी पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. "काय झालं: बाई कुणाला ओळखेनात. केव्हा: सकाळी आठ ते अकराला आठ कमी. कोणामुळे:" ते थांबले. "क्रमांक एक?"

"मी," अण्णा म्हणाले.

"तुम्ही तर इथं नव्हता."

"घड्याळ हुतं की. त्ये मी लावलंय, मी पुढं ठेवलंय, आणि हिला येळ कुटनं घ्यायची ते मी सांगितलेलं न्हाई. हिनं भितीवर बगितलं. भितीवर खोटं कुणी लिवलं?"

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसता तळहात माझ्या दिशेनं आडवा धरला. प्राचार्य पुढे वाचू लागले. उपायाच्या रकान्यात माझं नाव होतं. सत्तेचाळीस नव्हे. माझं नाव, अप्पांचं नाव, आडनाव, गाव, सगळं, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. 'हिने वेळ दुरुस्त केली, परीक्षा वेळेवर.' प्राचार्यांनी ते पूर्ण वाचलं, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली. पुढच्या महिन्यात माझी ऑर्डर निघाली. अप्पांना मी फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, खोली जरा मोठी बघ, आम्ही येऊन राहू चार दिवस.

ऑर्डर हातात घेऊन मी अण्णांकडे गेले आणि खाली वाकले. "उठ, उठ, सत्तेचाळीस," ते घाईघाईनं म्हणाले आणि टेस्टर शोधायला लागले. तो खिशातच होता.

घड्याळ त्यांनी दुसऱ्याच दिवशी खरं केलं. त्या आठवड्यात लायब्ररीतल्या मॅडमची बस दोनदा चुकली, हेडक्लार्क तीन दिवस जेवणाच्या सुट्टीवरून उशिरा आले आणि मी स्वतः एका दुपारी धावत प्राचार्यांच्या बैठकीत शिरले. आम्ही सगळे सवयीनं बारा वजा करत होतो. नवव्या दिवशी अण्णांनी स्टुलावर चढून काटे पुन्हा पुढं केले आणि खाली जाड कागदाची पट्टी चिकटवली: 'हे घड्याळ १२ मिनिटे पुढे आहे. बाईंना दाखवू नये.'

ते निवृत्त झाले तेव्हा घड्याळ माझ्या ताब्यात देऊन गेले. रजिस्टरही. निघताना नियमाची आठवण करून दिली, ती त्यांचीच शिस्त होती. माणूस सोडून गेला की त्याच दिवशी बाईंच्या यादीतून त्याचं नाव काढायचं. गेलेल्याच्या नावानं भलताच कुणी आत शिरायला नको. "माजं आजच्या आज काड," ते म्हणाले. मी बरं म्हणाले.

आता सर्व्हर नवा आहे, दुसरा आहे, पण यादी तीच पुढे आणली आहे. गगनबावड्याला पाऊस चढला आणि तिकडची लाईट गेली की त्यांचा फोन येतो. मोबाईल आला तरी आवाज ट्रंककॉलचाच.

"हेळ्रीऽ! सत्तेचाळीस! बाई उठल्या काय?"

"उठल्या, अण्णा."

"माजं नाव काडलंस न्हवं?"

"काढलं की."

फोन ठेवला की मला चुटपुट लागते, कारण त्यांच्याशी मी बोललेलं खोटं एवढं एकच. रजिस्टरात मात्र मी खोटं लिहिलेलं नाही. ज्या दिवशी ते गेले त्या दिवशीचं पान आहे, पट्टीनं आखलेलं, खाडाखोड नसलेलं. काय झालं: क्रमांक एक काढायचा राहिला. केव्हा: आज. कोणामुळे: सत्तेचाळीस. उपाय: करणार नाही.